जहाज नोकरी बदलतं तेव्हा (१८०० ते १८५०, शिडाची आणि वाफेची)

गोदीकर | सोमवार, रात्री ११.४०

मंडळी, निवृत्त झाल्यापासून एक नवा नाद लागलाय. बायको म्हणाली, "मला नका सांगू, तिकडे तुमच्या लोकांना सांगा." म्हणून हा धागा.

लॉइड्स रजिस्टरचे दोनशे वर्षांपूर्वीचे खंड स्कॅन करून ठेवलेत, घरबसल्या फुकट वाचता येतात. विमा उतरवणाऱ्यांच्या सोयीसाठी दरवर्षी निघणारं पुस्तक. एका ओळीत एक जहाज. डावीकडे नाव, शेजारी बारीक अक्षरात रचना : 'एस' असेल तर तीन डोलकाठ्या आणि तिन्हींवर आडवी शिडं, 'बीजी' असेल तर दोन डोलकाठ्यांची ब्रिग. मग कप्तानाचं आडनाव, टनेज, कुठे बांधलं, किती साली, मालक कोण, भरल्यावर किती फूट पाण्यात बसतं, कुठून कुठे चाललंय. तळाला तांब्याचा पत्रा मारलाय का, त्याचीही खूण. सगळ्यात शेवटी दर्जा : 'ए वन'. हो, तोच. आपण चहाला 'एकदम ए-वन' म्हणतो तो इथला. अक्षर सांगाड्याचं, आकडा नांगर-दोर-शिडांचा.

एक पान वाचून काही होत नाही. एकच जहाज धरून वीस खंड चालत गेलं की मजा येते. पाच वर्षं ओळ तशीच. मग कप्तान बदलतो. मग मालक. मग 'लंडन–भारत' खोडून 'लंडन–न्यू साउथ वेल्स' होतं. आणि एका वर्षी ओळच नाही. बुडालं? मोडीत गेलं? परक्या झेंड्याखाली गेलं? की मालकाने नुसतीच पाहणी करून घेतली नाही? रजिस्टर यातलं काही सांगत नाही.

मला आवडलेलं पहिलं जहाज आपल्या मुंबईचंच. नाव 'स्वॅलो'. १७७० च्या दशकाच्या शेवटी मुंबई गोदीत वाडियांनी सागवानात बांधलं. पहिली नोकरी ईस्ट इंडिया कंपनीच्या टपालाची. पळायला चपळ, म्हणून थैल्यांबरोबर बडे साहेबही यातून जात. १७८६ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल म्हणून आला तो याच जहाजातून. पंचवीसेक वर्षं ही चाकरी झाली आणि १८०४ मध्ये शाही आरमाराने ते विकत घेतलं, तोफा चढवल्या आणि नाव बदलून 'लिली' केलं. १८०६ मध्ये मिरांडा नावाचा क्रांतिकारक व्हेनेझुएला स्पेनच्या हातून सोडवायला निघाला, तेव्हा त्याच्या मदतीला गेलेल्या जहाजांत ही लिली होती. विचार करा, मलबारचा साग कुठे जाऊन तोफा उडवतोय. पुढे आरमाराने विकलं, जहाज पुन्हा व्यापारात आलं, पुन्हा आपल्या समुद्रात. १८२३ मध्ये हुगळी नदीतल्या एका बदनाम वाळूत रुतून संपलं. वय पंचेचाळिसाच्या आसपास.

दुसरं 'लेडी न्यूजंट'. तेही मुंबईचं, १८१३ च्या सुमाराचं. कंपनीसाठी फेरी केली, मग दोनदा कैदी घेऊन ऑस्ट्रेलियाला गेलं, १८४१ मध्ये वसाहत करायला निघालेली विलायती कुटुंबं घेऊन न्यूझीलंडच्या वेलिंग्टनला पोचलं. १८५४ मध्ये मद्रासच्या पलटणीचे शिपाई आणि त्यांची कुटुंबं घेऊन रंगूनला निघालं, वादळात सापडलं आणि परत दिसलंच नाही. चाळीस वर्षांच्या लाकडावर एवढी माणसं कुणी चढवली, हा प्रश्न मला रात्री पडतो.

माझं म्हणणं एवढंच की पुस्तकांत जहाजाचा एकच दिवस असतो. जलावतरण, नाहीतर लढाई, नाहीतर बुडणं. मधली तीस-चाळीस वर्षं ते पोटासाठी काय करत होतं, त्यात मला जास्त रस आहे. तुमच्याकडे अशी जहाजं असतील तर टाका. वाफेवाल्यांबद्दल वेगळं लिहितो, त्यांचा संसारच निराळा.

माईंची_लेक | मंगळवार, सकाळी ७.१२

मस्त धागा काका! वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. इंग्रज जहाजाला 'ती' म्हणतात. आपल्याकडे जहाज 'ते', गलबत 'ते', पण बोट आणि आगबोट 'ती'. मग म्हातारी कुठली आणि म्हातारं कुठलं?

गोदीकर | मंगळवार, सकाळी ८.०५

गोदीत आम्ही सगळ्यांना 'बोट'च म्हणायचो, म्हणजे सगळ्याच बायका. त्यातली खर्चिक कोणती ते प्रत्येकाला ठाऊक असायचं.

अनुस्वार | मंगळवार, सकाळी १०.३०

लेख चांगला, पण एक खटकलं. 'टनेज' लिहून पुढे गेलात. वाचणाऱ्याला वाटेल जहाजाचं वजन. ते वजन नव्हे ना?

आणि तो दर्जाही वाटतो तितका सरळ नव्हता. जहाज तपासून गुण देत असतील असं आपण धरून चालतो. त्या काळी वय आणि बांधणीचं गाव पाहूनच वर्ग ठरायचा. थेम्सवर बांधलेल्याला जास्त वर्षं 'ए', इतरांना कमी. यावरून भांडण पेटलं आणि १७९९ मध्ये मालकांनी आपलं वेगळं पुस्तक काढलं. विमेवाल्यांचं हिरवं, मालकांचं लाल. दोन्ही तोट्यात जायला लागली तेव्हा १८३४ मध्ये एकत्र आली. म्हणजे तुमच्या 'स्वॅलो'ला हिरव्या पुस्तकात काय मिळत होतं ते लाल पुस्तकाशी ताडून पाहा.

गोदीकर | मंगळवार, दुपारी १.१५

@अनुस्वार, कान पकडला. वजन नव्हे, माप. आणि मापही अर्धवट. लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करायचे, उरलेल्याला रुंदीने गुणायचं, मग रुंदीच्या निम्म्याने गुणायचं, आणि ९४ ने भागायचं. आला टनेजचा आकडा. खोली कुठे आहे यात? नाहीच. खोली रुंदीच्या निम्मी असते असं धरूनच चालायचे. बंदराचे कर या आकड्यावर. मग मालक काय करणार? जहाज अरुंद आणि खोल बांधायचं. कागदावर टनेज कमी, पोटात माल जास्त. वर ते पाण्यात बेढब चालायचं, वाऱ्याला लवकर कलायचं. १८३६ पासून मोजणी बदलली, तोवर कायद्याच्या सूत्राने जहाजांचा आकार ठरवला. आमच्या सोसायटीत एफएसआय वाचवायला बाल्कन्या झाल्या तसंच.

अजून एक. अठराव्या शतकात कंपनीच्या ५०० टनी किंवा त्याहून मोठ्या जहाजावर पाद्री नेणं सक्तीचं होतं. त्यामुळे कित्येक जहाजं ४९९ टनांची भरायची!

टपालवाला | मंगळवार, रात्री ९.५०

मी तिकिटं आणि जुनी पाकिटं जमवतो, त्यामुळे वाफेच्या बोटी मला टपालाच्या बाजूने माहीत आहेत. गोदीकरांनी जागा सोडलीच आहे तर 'ह्यू लिंडसे'ची गोष्ट सांगतो. ही मुंबईची स्वतःची आगबोट.

आधी पार्श्वभूमी. विलायतेहून मुंबईला पत्र यायचं ते आफ्रिकेला वळसा घालून. चार-पाच महिने सहज. उत्तर मिळेपर्यंत वर्ष. १८२३ मध्ये कलकत्तेकरांनी वर्गणी काढून बक्षीस लावलं : वाफेच्या बोटीने सत्तर दिवसांत येऊन दाखवा. 'एंटरप्राइझ' नावाची बोट १६ ऑगस्ट १८२५ ला इंग्लंडातल्या फाल्मथहून निघाली. कप्तान जॉन्स्टन. कलकत्त्याला पोचली डिसेंबरात, ११३ दिवसांनी. त्यातला बराच प्रवास शिडांवर. सरकारने ती विकत घेतली आणि ब्रह्मदेशाच्या लढाईत कामाला लावली. टपालाची पहिली मोठी स्वप्नं अशी सैन्याच्या दिमतीला गेली.

मुंबईचा गव्हर्नर होता सर जॉन माल्कम, आणि बॉम्बे मरीनचा, म्हणजे कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचा, मुख्य त्याचा सख्खा भाऊ सर चार्ल्स. दोघांना तांबड्या समुद्राची वाट हवी होती. सुएझपर्यंत बोट, पुढे उंटावरून वाळवंट, मग भूमध्य समुद्र. त्यासाठी मुंबई गोदीत नौरोजी जमशेटजी वाडियांनी ४११ टनांची सागवानी बोट बांधली, इंजिनं लंडनच्या मॉडस्लेची, ८० अश्वशक्तीची दोन. १८२९ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली. नाव कंपनीच्या एका डायरेक्टरचं. कंपनीला आगबोटीचा खर्च नको होता, म्हणून डायरेक्टरचं नाव देऊन पाहिलं असावं, असा माझा तर्क!

आता खरी अडचण. बोट बांधताना पोटात कोळसा मावायचा तो साडेपाच दिवसांचा. आणि वाटेतलं अरबस्तानचं बंदर एडन? अकरा दिवस. कप्तान जॉन विल्सनने काय केलं, तर केबिनी, सलून, जिथे जागा दिसेल तिथे कोळसा भरला. उतारूंची जागा गेली, बोट ठरलेल्या रेषेपेक्षा दोन फूट खाली बसली. २० मार्च १८३० ला मुंबईहून निघाली. अकराव्या दिवशी एडनला लागली तेव्हा सहा तासांचा कोळसा उरला होता. सहा तास!

२२ एप्रिलला सुएझ. तेहतीस दिवसांतले बरेचसे वाटेत कोळसा भरण्यात गेले. एडन, मोखा, जेद्दा, कोसेर. मजुरांच्या डोक्यावर टोपल्या, छोट्या होड्या, आणि बोट नांगरून बसलेली. तरी मुंबईत खळबळ. ('दर्पण' निघायला अजून पावणेदोन वर्षं होती, नाहीतर बाळशास्त्रींनी यावर काय लिहिलं असतं!) लंडनच्या डायरेक्टरांनी मात्र खर्च बघून डोळे वटारले. त्यात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात तिला समोरून जाताच येईना. म्हणजे पावसाळाभर बोट गोदीत, टपाल पुन्हा आफ्रिकेला वळसा घालून.

वाफाळ | मंगळवार, रात्री १०.२०

सहा तासांचा कोळसा! थरारपट आहे हा. पण एक सांगा, एडनला कोळसा आला कुठून? तिथे खाणी आहेत का?

टपालवाला | मंगळवार, रात्री १०.३५

हाच प्रश्न मला हवा होता. नाहीत. आधी शिडाच्या जहाजांतून पाठवून ढीग करून ठेवलेला. म्हणजे वाफेची बोट वेळेवर जावी म्हणून शिडाची जहाजं महिनामहिना आधी निघायची. बातम्यांत नाव आगबोटीचं. कोळसा वाहणाऱ्याचं नाव कोण लिहितो?

आणि या कोळशाच्या ढिगापायीच पुढे एडन गेलं. १८३७ मध्ये ब्रिटिश झेंड्याचं एक जहाज तिथे किनाऱ्याला लागून लुटलं गेलं, तेवढं निमित्त झालं. जानेवारी १८३९ मध्ये कॅप्टन हेन्सने गाव घेतलं. त्यानंतर १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे. एका बोटीच्या पोटात साडेपाच दिवसांचाच कोळसा मावतो, म्हणून अरबस्तानातलं बंदर मुंबईला जोडलं जातं!

अवांतर : वॉघॉर्न नावाचा एक हट्टी माणूस हीच वाट स्वतः चालून दाखवायला १८२९ मध्ये लंडनहून निघाला. सुएझला त्याला घ्यायला 'एंटरप्राइझ' यायची होती. तिचं यंत्र वाटेत बिघडलं, ती आलीच नाही. गडी उघड्या होडीतून तांबड्या समुद्रात उतरला आणि जेद्द्याला गेला. मार्च १८३० मध्ये तो मुंबईत पोचतोय आणि 'ह्यू लिंडसे' निघतेय.

गोदीकर | बुधवार, सकाळी ६.४५

टपालवाले, रात्री वाचलं आणि झोप उडाली. यंत्राच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण तीस वर्षं हात काळे केलेत.

तेव्हाच्या आगबोटी बाजूच्या फळ्यांच्या चाकांनी पाणी ढकलत चालायच्या. या चाकांच्या बोटीचं दुखणं असं की जास्त कोळसा भरला की चाकं खोल बुडतात. फळ्या पाणी मागे ढकलायच्या ऐवजी वर उचलत बसतात. इंजिन धापा टाकतं, वेग मिळत नाही. मग कोळसा जळत जातो, बोट वर येते, आणि शेवटी शेवटी फळ्या पाण्याला नीट लागतच नाहीत. म्हणजे पहिले दोन दिवस पोट जड म्हणून हळू, शेवटचे दोन दिवस पाय टेकत नाहीत म्हणून हळू. मधले काय ते बरे.

आणि बॉयलरला पाणी समुद्राचं. उकळून उकळून मीठ दाट होत जातं, म्हणून दर दोन-तीन तासांनी खालचा कॉक उघडून खारट गरम पाणी बाहेर सोडायचं आणि थंड पाणी आत घ्यायचं. तापवण्यात घातलेला कोळसा त्याबरोबर समुद्रात. नाही सोडलं तर आत पापुद्रा धरतो. मी नवशिका असताना एका जुन्या बॉयलरमध्ये पापुद्रा काढायला शिरलो होतो. छोटी हातोडी, मेणबत्ती, कानात बोळे. संध्याकाळी भाकरीसुद्धा खारट लागत होती. १८३० मध्ये हे काम तापलेल्या बॉयलरच्या शेजारी उभं राहून, तांबड्या समुद्रात, एप्रिलमध्ये.

म्हणून वाफेच्या बोटींची आयुष्यं वेगळी. सांगाडा टिकायचा, यंत्र दहा-बारा वर्षांत जुनाट व्हायचं. सागवान तर उलटं. ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागाला तेल असतं, खिळा जसाच्या तसा. कंपनी विलायती जहाजांना आधी चार, पुढे सहा-आठ फेऱ्या देऊन निवृत्त करायची. सागवानी जहाज तेव्हा तरुण असायचं.

ग्लासगोची_सरिता | बुधवार, दुपारी ३.००

नमस्कार, मी स्कॉटलंडात असते. इकडची एक छोटी बोट सांगते, कारण ती मला फार जवळची वाटते. 'कॉमेट', १८१२. पोर्ट ग्लासगोला जॉन वुडने बांधली. आदल्या वर्षी आकाशात मोठा धूमकेतू दिसला होता, त्याचं नाव. मालक हेन्री बेल. हा आणि त्याची बायको हेलेन्सबर्गला समुद्रस्नानाचं हॉटेल चालवायचे. गिऱ्हाईक येईना, कारण नदीवर वारा नसला की होड्या अडकायच्या. म्हणून बोट! युरोपात वाफेची पहिली यशस्वी व्यापारी उतारू-बोट निघाली ती रिकाम्या खोल्या भरायला.

भाडं वरच्या वर्गाला ४ शिलिंग, खालच्याला ३. इंजिन जेमतेम तीन-चार अश्वशक्तीचं. दोन-तीन वर्षांत क्लाइड नदीवर तिच्यापेक्षा मोठ्या आणि वेगवान बोटी झाल्या आणि बिचारी मागे पडली. बेलने तिला लांबवून पश्चिमेच्या खाड्यांत पाठवलं. डिसेंबर १८२० मध्ये क्रेगनिशच्या टोकाशी प्रवाहात सापडून फुटली. यंत्र मात्र वाचवलं गेलं, आज ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. बेलने दुसरी 'कॉमेट' काढली, ती १८२५ मध्ये गुरॉकजवळ 'एअर' नावाच्या बोटीला रात्री धडकली, साठाच्या वर माणसं गेली.

तिची एक प्रतिकृती पोर्ट ग्लासगोच्या चौकात ठेवलेली असायची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा नवऱ्याला म्हटलं, "एवढीच?" आपल्या भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचेस मोठ्या असतात.

वाफाळ | बुधवार, रात्री ८.१५

अटलांटिकवाल्यांचं कुणी लिहिलंच नाही. १८३८ ची 'सिरियस'! कोळसा संपला म्हणून कप्तानाने खुर्च्या-टेबलं, दारं, डोलकाठी, सगळं भट्टीत घातलं आणि न्यूयॉर्क गाठलं. लहानपणी वाचलेलं अजून लक्षात आहे.

अनुस्वार | बुधवार, रात्री ८.४०

गोष्ट भारी आहे, खरी नाही. न्यूयॉर्कला पोचली तेव्हा 'सिरियस'वर पंधराएक टन कोळसा शिल्लक होता. राळेची पिंपं जाळली होती, ती मालातली. टेबलखुर्च्या नंतरच्या लोकांनी जाळल्या, आणि पुढे कादंबऱ्यांनी.

वाफाळ | बुधवार, रात्री ८.४२

घ्या, बालपण जाळलंत.

गोदीकर | बुधवार, रात्री ९.३०

वाफाळ, मन खट्टू करू नका. खरी हकिगत माझ्या धाग्याला जास्त लागू आहे. 'सिरियस' मुळात ७०३ टनांची किनाऱ्यावरची बोट, आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये उतारू नेणारी. तिला अटलांटिकसाठी कुणी बांधलं नव्हतं. एका कंपनीची 'ब्रिटिश क्वीन' वेळेत तयार होईना, आणि समोर इंजिनिअर ब्रुनेलची 'ग्रेट वेस्टर्न' तयार. पहिलेपणा जाऊ नये म्हणून ही भाड्याने घेतली. बदली कामगार!

ती ४ एप्रिलला कॉर्कहून निघाली, २२ ला पोचली. 'ग्रेट वेस्टर्न' ८ ला ब्रिस्टलहून निघून २३ ला पोचली. चार दिवस उशिरा निघून एकाच दिवसाने मागे, आणि तिच्या पोटात दोनशे टन कोळसा उरलेला. ब्रुनेलचा हिशेब सोपा होता : बोट मोठी केली की पोट घनाच्या प्रमाणात वाढतं, पाण्याचा विरोध वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे मोठ्या बोटीला दर टनामागे कोळसा कमी. लहान बोटीत कोळसा भरत राहणं म्हणजे 'ह्यू लिंडसे'. (या पहिल्या सफरीआधी 'ग्रेट वेस्टर्न'च्या बॉयलरजवळ आग लागली, ब्रुनेल जळक्या शिडीवरून पडला आणि जायबंदी झाला. निम्म्याहून जास्त उतारूंनी तिकिटं परत केली, सातच उरले.)

आता दोघींची नोकरी पाहा. 'सिरियस' दोनदा जाऊन आली आणि मुकाट आपल्या जुन्या किनाऱ्याच्या कामावर रुजू झाली. १८४७ च्या जानेवारीत धुक्यात बॅलिकॉटनच्या खडकांवर फुटली. तिचा कप्तान रॉबर्ट्स तोवर राहिलाच नव्हता. त्याला बढती मिळून 'प्रेसिडेंट' नावाची थोरली बोट मिळाली, ती मार्च १८४१ मध्ये न्यूयॉर्कहून १३६ माणसं घेऊन निघाली आणि कुठे गेली ते कळलं नाही. 'ग्रेट वेस्टर्न'ने आठ वर्षं अटलांटिक पार केला, मग वेस्ट इंडीजच्या टपालाला गेली, क्रिमियाच्या लढाईत शिपाई वाहिले, आणि १८५६ मध्ये थेम्सकाठी मोडीत निघाली. अठरा वर्षं. लेडी न्यूजंटच्या निम्मीसुद्धा नाही.

साक्षीभाव | गुरुवार, सकाळी ११.००

सगळं वाचलं. माहिती उत्तम. पण तुम्ही सगळे जहाजांच्या प्रेमात इतके की आत काय भरलं होतं ते एका ओळीत उरकताय. 'दोनदा कैदी घेऊन गेलं.' 'व्यापारात आलं.' कसला व्यापार? मुंबईतून चीनला जाणारा मोठा माल माळव्याची अफू होता हे कुणी बोलणार आहे की नाही?

गोदीकर | गुरुवार, दुपारी २.३०

@साक्षीभाव, रास्त. मग एक अफूचं जहाजच सांगतो.

'कर्ल्यू', १८१२, आरमाराची ब्रिग. १८२२ च्या अखेरीस मुंबईत विकली. घेणारे जमशेटजी जीजीभॉय. नाव ठेवलं 'जेमसिना'. आरमारी ब्रिग म्हणजे वेगवान, तोफांची सवय असलेली, अफूसाठी अगदी योग्य. ज्या पैशातून पुढे जे.जे. रुग्णालयासारखी कामं उभी राहिली त्या पैशाची एक वाट या जहाजातून जाते. दोन्ही खरं आहे, मी एकाने दुसरं पुसत नाही.

अफूत वेळेला भाव होता. कलकत्त्याचा लिलाव झाला की चीनला जो आधी पोचेल तो कमावेल. पण वारा उलटा. १८३० मध्ये एक युक्ती केली. 'फोर्ब्स' नावाची हुगळीतली आगबोट, जिचं रोजचं काम शिडाची जहाजं नदीतून ओढून नेणं, तिने जेमसिनाला दोर लावून थेट चीनला ओढायचं. आणि फोर्ब्सला लागणारा जादा कोळसा ठेवला कुठे? जेमसिनात! म्हणजे ओढली जाणारी ओढणारीला जेवू घालतेय. चीनच्या अलीकडे कोळसा संपत आला तेव्हा दोर सोडला, फोर्ब्स एकटी पुढे गेली, जेमसिना मागून शिडांवर आली. चीनच्या पाण्यातली ही पहिली आगबोट. ती गेली अफू ओढायला.

साक्षीभाव | गुरुवार, दुपारी ३.१०

धन्यवाद. एवढंच हवं होतं.

तळकोकणी | गुरुवार, रात्री ११.२०

उशिरा आलंय, पण बोलतंय. माझो आजो बोटीर आगवालो होतो. शहरातल्या मंडळींसाठी : आगवाला म्हणजे भट्टीत कोळसा मारणारा. त्याच्यावर सारंग, तांडेल. टपालवाल्यांनी विचारलं ना, कोळसा वाहणाऱ्याचं नाव कोण लिहितो? आमच्याकडे नावं आहेत, पण घरात.

१८२३ चा एक कायदा आहे. हिंदुस्थानी खलाशी, लस्कर, याला 'ब्रिटिश खलाशी' धरायचं नाही. जहाजात तीन चतुर्थांश माणसं ब्रिटिश हवीत हा नियम, त्यात लस्कर मोजायचा नाही. विलायतेत उतरला तर परत पाठवायची जबाबदारी मालकाची. म्हणजे गोदीकरांचं सागवानी जहाज ए-वन, पण त्याला मुंबईहून लंडनला आणणारे हात हिशेबात नाहीत.

बोट आमच्याकडे १९६०-७० पर्यंत यायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण. मी लहानपणी चढलोय. खालून होड्या लावायचे आणि आईने मला दोन माणसांच्या हातांतून वर फेकलं होतं. ओकाऱ्यांचा वास अजून आठवतो.

टपालवाला | शुक्रवार, सकाळी ९.००

तळकोकणी, आजोबांची काही कागदपत्रं आहेत का? बोटींची नावं?

गोदीकर | शुक्रवार, सकाळी ९.४०

तेवढ्यात एक राहिलेलं जहाज टाकतो, नाहीतर विसरेन. 'जावा'. कलकत्त्याला बांधलेलं, १८११-१३ च्या सुमारास, सागवानच. कंपनीची फेरी झाली. १८३३ मध्ये आयर्लंडहून कैदी घेऊन सिडनीला. १८४० मध्ये वसाहतवाले घेऊन ॲडलेडला, त्या सफरीत इतकी पोरं दगावली की तिकडे बोंब झाली. मग म्हातारपणी डोलकाठ्या उतरवून जिब्राल्टरला कोळशाचं गोदाम म्हणून नांगरून ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्या आगबोटींना त्यातून कोळसा. १९३९ च्या सुमाराला तोडलं. सव्वाशे वर्षं! ज्या आगबोटींनी तिची नोकरी घेतली त्यांच्या चार पिढ्यांना तिने पोसलं.

अनुस्वार | शुक्रवार, सकाळी ९.५५

'तिने' लिहिलंत. वर जहाज 'ते' होतं.

गोदीकर | शुक्रवार, सकाळी १०.०२

असू दे.

तळकोकणी | शनिवार, रात्री १०.१०

@टपालवाला, गावी फोन केला. काकीने माळ्यावरून काढलं. आजोबांची 'नळी' आहे. खलाशाच्या नोकरीच्या पुस्तकाला आमच्याकडे नळीच म्हणतात, पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवायचे म्हणून. काकीने फोटो पाठवले. एका ओळीत एक बोट. नाव, कुठे चढले, कुठे उतरले, काम 'आगवाला', आणि शेवटी वर्तणुकीचा शिक्का : 'व्हेरी गुड', 'व्हेरी गुड', 'व्हेरी गुड'. चौदा ओळी. एका ओळीत नुसतं 'गुड' आहे, काकी म्हणते त्या वेळी त्यांचं कुणाशी तरी वाजलं होतं.

नवव्या ओळीचं बोटीचं नाव पाण्याने पुसलंय. पहिलं अक्षर 'सी'सारखं दिसतं, शेवट 'इया'. चढले मुंबई, उतरले लिव्हरपूल. गोदीकर, तुमच्या त्या पुस्तकात १९२६ चा खंड आहे का?

गोदीकर | शनिवार, रात्री १०.३०

आहे. फोटो मोठा करून टाका. आणि महिना वाचता येत असेल तर तोही.